आटलेल्या तळ्याकाठची सेत्तीमिया

माझ्या सेत्तीमिया आत्याने आधी पाण्याकाठचं गाव पाहिलं, मग चिखलाकाठचं, मग बटाट्याच्या शेतांमधलं, आणि शेवटी दगडमातीचा ढीग. गाव एकच, आमचं सान बेनेदेत्तो. ती कुठे गेली नाही, गावच तिच्या पायाखाली बदलत गेलं. मी तिच्या भावाची मुलगी, गेम्मा. आज मीही सत्तरीच्या पुढे गेले आहे, आणि तिला नीट ओळखणारं माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही.

तिचे वडील, म्हणजे माझे आजोबा लोरेतो, फुचिनोच्या तळ्यात मासे धरायचे. तळं कसलं, समुद्रच होता तो. थंडीच्या सकाळी पलीकडचा काठ दिसायचा नाही. चारी बाजूंनी डोंगर, आणि पाण्याला बाहेर पडायला वाट नाही. ज्या वर्षी वेलीनो डोंगरावरचं बर्फ जास्त वितळे, त्या वर्षी तळं वर चढायचं, शेतं गिळायचं, खालच्या घरांमध्ये शिरायचं. पुढे कधीतरी मुकाट मागे जायचं. शेतवाले तळ्याला शिव्या द्यायचे. मासेवाले काही बोलायचे नाहीत, कारण पाणी चढलं की मासेही घराजवळ येत.

आमचं गाव जुन्या मारुवियुमवर बसलेलं आहे. मार्सी लोकांची ती राजधानी. रोमने त्यांना बरोबरीचा हक्क द्यायला नकार दिला तेव्हा शेजारच्या जमातींना घेऊन रोमशी लढले ते हे लोक. आमच्या घरांच्या भिंतींत त्यांच्याच घरांचे दगड आहेत. डुकराच्या खोपटाला संगमरवराचा उंबरा, हे आमच्याकडे नवल नव्हतं. आजोबांच्या नावेचा नांगर म्हणजे अक्षरं कोरलेला एक दगड होता. एकदा पाद्र्याने तो वाचला आणि म्हणाला, "लोरेतो, हा कुणा बाईच्या थडग्याचा आहे. तिच्या नवऱ्याने बसवलाय."

"बाई चांगली असणार," आजोबा म्हणाले. "अजून धरून ठेवते."

तळं उपसायचा पहिला घाट जुन्या रोमच्या क्लौदियुस सम्राटाने घातला होता. हजारो माणसं लावून त्याने डोंगराच्या पोटातून बोगदा खणला. काही काळ तो चालला, मग कुणी लक्ष दिलं नाही, बुजला, आणि तळं पुन्हा आपल्या जागी येऊन बसलं. आजोबांच्या तरुणपणी रोमच्या एका धनवंताने परदेशी इंजिनिअर आणून तोच बोगदा मोठा करायला घेतला. आमच्या काठावर कुणाचा विश्वास बसला नाही. आजोबा म्हणायचे, "सम्राटाला जमलं नाही, आणि हा निघालाय."

पण या वेळी पाणी खरंच उतरायला लागलं. सेत्तीमिया आत्या लहान असताना नाव घरासमोर बांधलेली असे. ती दहा-बारा वर्षांची झाली तेव्हा नावेपर्यंत जायला चालावं लागत होतं. सतरा वर्षांची झाली तेव्हा काठ इतका लांब गेला होता की आजोबा पहाटे निघून उन्हं वर आल्यावर पाण्याशी पोचायचे. मधल्या चिखलात मासे मरून पडत. त्या वासाने गावातली कुत्रीसुद्धा तिकडे जाईनाशी झाली, असं आत्या सांगायची. मग डास आले आणि ताप आला.

याच दिवसांत पाम्फिलो आमच्या गावात आला. डोंगरापलीकडच्या सुल्मोनाकडचा, रुंद खांद्यांचा, हसरा माणूस. आधी बोगद्यात खणायला होता, आता तळाशी कालवे काढणाऱ्या टोळीत होता. आत्या विहिरीवर जायची तिथे तो पाणी प्यायला यायचा, आणि एका माणसाला लागतं त्याच्या चौपट पाणी प्यायचा.

"इतकं मोठं तळं पिऊन तहान भागली नाही वाटतं," आत्या त्याला म्हणाली. त्यांच्यातलं पहिलं बोलणं ते.

"ते धन्याने प्यायलं," तो म्हणाला. "मी नुसता पेला धरला."

त्याने मागणी घातली तेव्हा आजोबा जाळं दुरुस्त करत होते. मान वर न करता ते म्हणाले, "माझं तळं उपसायला आलेल्याला मी मुलगी देऊ?"

"मी नसतो आलो तर दुसरा आला असता," पाम्फिलो म्हणाला.

"मग दुसऱ्याला नाही म्हटलं असतं."

"बाबा," आत्या म्हणाली, "मासे राहिले नाहीत. आपण खायचं काय?"

"आपण मार्सी आहोत. रोमशी लढलेली माणसं आपण."

पाम्फिलोने तिथे तोंड उघडायला नको होतं. पण तो म्हणाला, "त्या लढाईची राजधानी आमच्या खोऱ्यात होती, सासरेबुवा. लढून हक्क मिळवला आणि मग सगळे त्याच रोमच्या फौजेत चाकरीला गेले. तुमचेही आणि आमचेही."

आजोबांनी जाळं गुंडाळलं आणि उठून गेले. ते लग्नाला आले नाहीत. चर्चमध्ये आत्याचा हात धरून तिला नेलं ते माझ्या वडिलांनी, कोन्चेत्सिओने, आणि तेव्हा ते जेमतेम तिच्या खांद्याला लागत होते.

पुढच्या उन्हाळ्यात आजोबांची नाव चिखलात रुतली ती कायमची. पाणी तिला सोडून पुढे निघून गेलं. त्या सपाट, भेगाळलेल्या तळावर ती एकटी उभी होती, आणि आजोबा रोज तिच्यात जाऊन बसायचे. जाळं घेऊन जायचे, दुरुस्त करायचे, संध्याकाळी परत यायचे. गावातली माणसं काठावरून बघून हसायची, मग हसायचं सोडलं. आत्या पोटुशी असताना त्यांना जेवण घेऊन जायची. कांदा, भाकरी, मेंढीच्या दुधाचं चीज.

"हे पीठ कुठलं?" आजोबा विचारायचे.

"वरच्या शेतातलं."

"तळातलं नाही ना?"

"नाही, बाबा."

पहिल्या वर्षी तळात जो गहू आला तसा आमच्या बापजाद्यांनी पाहिला नव्हता. छातीपर्यंत उभा होता. पण आजोबांनी त्यातला घास तोंडात घातला नाही. शेवटी तापाने त्यांना धरलं. शेवटच्या दिवशी पाम्फिलोने त्यांना पाठुंगळी घेऊन नावेपर्यंत नेलं, कारण ते दुसरं काही मागतच नव्हते. वाटेत दोघे काय बोलले ते कुणाला कळलं नाही. परत आल्यावर पाम्फिलो अंगणात बसून राहिला आणि म्हणाला, "फार हलके झालेत गं." आजोबा गेल्यावर तळाची मोजणी झाली, सरळ रस्ते आखले गेले. नाव नेमकी एका रस्त्यात येत होती. मुकादमाने ती फोडून जाळली.

जमीन काठावरच्या लोकांना मिळेल असं सगळे धरून चालले होते. ती मिळाली नाही. ज्याने तळं आटवलं त्याची ती झाली, आणि पूर्वीचे मासेवाले तिच्यावर खंडाने राबायला लागले. पाम्फिलोला कालव्याकडेची एक पट्टी मिळाली. तो तिथे बटाटे आणि बीट लावायचा. आत्याला लग्नात आजीकडून डोंगरउतारावरची काही ऑलिव्हची झाडं मिळाली होती. तळं होतं तोवर त्याच्या उबेने ती झाडं तगायची. तळं गेल्यावर हिवाळा असा कडक झाला की दोन-तीन थंड्यांत ती काळी पडून वाळली. नुसती तिचीच नाहीत, सगळ्या उताराची. त्यानंतर आमच्याकडे स्वयंपाकाला डुकराची चरबी आली, तेल दुकानातून यायला लागलं.

आत्याची पहिली दोन मुलं पाळण्यातच तापाने गेली. मग बरीच वर्षं काही झालं नाही. पस्तिशीला टेकली तेव्हा एर्सिलिया झाली. गोरी, हडकुळी, सारखी बडबड करणारी. पाम्फिलो तिला खांद्यावर घेऊन शेतात जायचा. ती आठ वर्षांची असताना तो खोकून खोकून गेला. बोगद्यातली धूळ त्याच्या छातीत बसली होती ती इतकी वर्षं थांबून वर आली. मरताना आत्याला म्हणाला, "तुझ्या बाबांचा माझ्यावरचा राग गेला असेल का?"

"तुला भेटतील तेव्हा विचार," आत्या म्हणाली.

तो हसला, आणि त्या हसण्याचा खोकला झाला.

मग घरात मायलेकी दोघीच. आमचं घर त्यांच्या घराला लागून होतं, मध्ये एकच भिंत. मी एर्सिलियाच्या अंगाखांद्यावर वाढले. ती भिंतीवर टकटक करायची, मग मी पलीकडे पळायची. तिने मला विणायला शिकवलं, वेण्या घालायला शिकवल्या, आणि पाद्र्याची नक्कल करायलाही. एकविसाव्या वर्षी तिचं लग्न ठरलं. मुलगा जवळच्या पेशीना गावचा, गाउदेन्त्सिओ नावाचा, रेल्वेत कामाला. लग्न ईस्टरनंतर होतं.

तो जानेवारी महिना होता, एकोणीसशे पंधरा साल. संत अंतोनियोचा सण जवळ आला होता. आदल्या दिवशी आत्याने डुक्कर कापवलं होतं. सकाळी आतडी धुवायला कालव्यावर जायचं होतं, ते काम एर्सिलियाचं. पण तिला सर्दी झाली होती, रात्रभर शिंकत होती.

"मी जाते, आई. पाणी गार आहे, तुझे सांधे धरतील," एर्सिलिया म्हणाली. भिंतीपलीकडून मला ऐकू येत होतं.

"नाक पूस आधी. पड गपचूप पांघरुणात. लग्नात शिंकत उभी राहणार आहेस का?"

"गाउदेन्त्सिओ रुमाल देईल."

"त्याच्याकडे रुमाल असला तर."

आत्या पाटी डोक्यावर घेऊन गेली. 'पड गपचूप पांघरुणात' हे आपले शब्द तिने पुढे कितीदा आठवले असतील ते तिलाच माहीत.

ती कालव्यात वाकलेली असताना जमिनीने तिला उचलून आपटलं. डोळे उघडले तेव्हा सपाट शेतात एका ओळीत जमीन फाटली होती आणि भेगांमधून वाळू मिसळलेलं काळं पाणी माणसाच्या उंचीने उसळत होतं. तिने मला सांगितलं ते असं: "मला वाटलं तळं परत आलं. आणि गेम्मा, क्षणभर मला बरं वाटलं. बाबा आठवले. मग मी मागे वळून बघितलं."

मागे गाव नव्हतं. धुरळ्याचा डोंगर होता, आणि त्यातून फक्त मोर्रोनी वर आलेले दिसत होते. मोर्रोनी म्हणजे मारुवियुमच्या काळची दोन उंच थडगी. दोन हजार वर्षांची थडगी उभी होती, आणि घर एकही नाही.

ती धावत आली तेव्हा गल्ली ओळखू येत नव्हती. आमची दोन्ही घरं मिळून एकच ढिगारा झाला होता. ती ओरडली, "एर्सिलिया." उत्तर आलं नाही. पुन्हा ओरडली. तेव्हा ढिगाऱ्यातून मी हाक मारली.

माझ्या अंगावर तुळई आडवी पडली होती, तिच्या खाली पोकळी होती. मला हात हलवता येत होता, पाय नाही. तोंडात माती होती. मी "आई" म्हणाले की "आत्या" म्हणाले ते आठवत नाही. आत्याचा आवाज वरून आला, "गेम्मा? तू आहेस ना? बोलत राहा. बोलायचं थांबू नकोस." मी बोलत राहिले. एर्सिलियाने शिकवलेली प्रार्थना म्हणत राहिले, चुकली की पुन्हा सुरुवात करत. आत्या हातांनी दगड उपसत होती. मदतीला कुणी नव्हतं. गावात जे मोजके वाचले होते ते आपापल्या ढिगाऱ्यावर वाकले होते. मध्येच ती थांबायची, पलीकडे जाऊन एर्सिलियाला हाक मारायची, कान लावायची, आणि परत माझ्याकडे यायची. अंधार पडायच्या सुमारास तिने मला बाहेर ओढलं. माझा उजवा पाय तेव्हापासून वाकडा आहे. माझे आईवडील आणि पाळण्यातला भाऊ मला पुन्हा दिसले नाहीत. आत्याने बघू दिलं नाही.

मग ती एर्सिलियाच्या बाजूला लागली. तिच्या बोटांना नखं राहिली नव्हती. आम्ही वाचलेले मोर्रोनीच्या आडोशाला शेकोटीपाशी पडलेलो असायचो, आणि ती उठून उठून जायची. बर्फ पडायला लागलं. सैनिक आले ते उशिरा, रस्ते तुटले होते. त्यांनी एर्सिलियाला काढलं तेव्हा तिच्या अंगावर कुठे जखम नव्हती. पलंग मोडून तिच्यावर छपरासारखा तिरपा झाला होता. एक सैनिक दुसऱ्याला हलक्या आवाजात म्हणाला, "ही काल-परवापर्यंत जिवंत होती." आत्या त्याच्या मागेच उभी होती; मला हे फार पुढे कळलं. तिने वाकून एर्सिलियाच्या केसांतली माती झाडली आणि आपली शाल काढून तिच्यावर घातली.

सगळ्यांना एकाच मोठ्या खड्ड्यात पुरलं. इतक्या माणसांना वेगळं पुरायला माणसंच उरली नव्हती.

आम्हा पोरक्या मुलांना रोमला नेत होते. एक बाई माझं नाव विचारायला आली तेव्हा आत्या म्हणाली, "ही माझी आहे." त्या बाईने माझं नाव यादीत घातलं नाही.

आम्हाला राहायला लाकडी खोल्या मिळाल्या, ओळीने बांधलेल्या. थोड्या दिवसांसाठी म्हणून दिल्या होत्या, आत्या त्यातच म्हातारी झाली. त्याच वसंतात आमचा देशही महायुद्धात उतरला, आणि आमच्याकडे बघायला कुणाला वेळ उरला नाही. आत्या बीटाच्या शेतांवर रोजाने जायची, मला शाळेत पाठवायची. बोलायची कमी. माझे केस मात्र रोज स्वतः विंचरायची. कधी विंचरता विंचरता तिचा हात थांबायचा, मग ती कंगवा माझ्या हातात द्यायची आणि बाहेर जाऊन लाकडं फोडायची. लाकडं भरपूर असली तरी फोडायची.

मला खरं काय ते कळलं पंधराव्या वर्षी. धुण्याच्या हौदावर नुन्त्सिया नावाच्या शेजारणीशी माझं जागेवरून भांडण झालं. ती म्हणाली, "तुझ्यासाठी पोटच्या पोरीला मरू दिलं तिनं, आणि तू इथे तोंड वर करून बोलतेस? ती जिवंत होती तिथे. सगळ्या गावाला माहितीय."

मी धुणं तसंच टाकून घरी आले. आत्या शेंगा सोलत बसली होती. मी विचारलं, "एर्सिलिया जिवंत होती?"

ती सोलत राहिली. "कोण म्हणालं?"

"नुन्त्सिया."

"तिला स्वतःच्या जिभेवर बसता आलं तर खुर्ची लागायची नाही." मग तिने शेंगा बाजूला ठेवल्या. "होती. थोडा वेळ होती. बेशुद्ध असेल, मला हाक ऐकू आली नाही. तुझी आली."

"मग तू मला का..."

"हाक आली तिकडे गेले. तेव्हा विचार करायला वेळ नव्हता, गेम्मा. नंतर विचारच केलाय."

"तुला माझा राग येतो?"

मला वाटलं ती नाही म्हणेल. कुणीही म्हटलं असतं. ती म्हणाली, "येतो कधी कधी. तुझी काही चूक नसते, तू नुसती वेणी घालून हसत असतेस, आणि येतो. मग मी लाकडं फोडते."

मी रडायला लागले. तिने मला जवळ घेतलं नाही. शेंगांची टोपली माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाली, "सोल. संध्याकाळी हेच आहे." आम्ही दोघी सोलत बसलो. त्या दिवसानंतर ती लाकडं फोडायला गेली की मी पूर्वीसारखी आतून दार लावून घ्यायची नाही. कधी मीही जाऊन फोडलेली लाकडं रचायची. ती मला हाकलायची नाही.

गाउदेन्त्सिओ लढाईतून परत आला, त्याने दुसरीकडे लग्न केलं. पहिलं मूल झालं तेव्हा ते घेऊन तो आमच्याकडे आला. मुलीचं नाव त्याने एर्सिलिया ठेवलं होतं. त्याची बायको दारात अवघडून उभी होती. आत्याने मुलीला मांडीवर घेतलं, तिच्या मुठीत बडीशेपेचं बिस्किट दिलं, आणि त्या बायकोला म्हणाली, "ये गं आत. थंडीत काय उभी राहतेस." ते गेल्यावर ती भिंतीकडे तोंड करून झोपली ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत.

माझं लग्न झालं, मुलं झाली. आत्या आमच्याकडेच होती. शेवटच्या हिवाळ्यात तिला माणसं ओळखू येईनात. मला एर्सिलिया म्हणायची. मी आधी एक-दोनदा म्हटलं, "मी गेम्मा," मग सोडून दिलं. नावाला ओ देण्यात माझं काय जात होतं?

एका दुपारी मी तिचे पाय चोळत होते. ती म्हणाली, "एर्सिलिया, थंडी वाजली का गं तुला तिथे?"

मी म्हणाले, "नाही, आई. झोप लागली होती मला. काही कळलं नाही."

तिने माझ्याकडे बघितलं. मग तिचे डोळे एकदम पूर्वीसारखे झाले, स्वच्छ. "खोटं बोलतेस, गेम्मा," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "बोल अजून."

मी बोलत राहिले. एर्सिलियाला कसली स्वप्नं पडली, ती कशी उबेत होती, सर्दी कशी गेली होती, सगळं सांगितलं. ती ऐकत झोपली.

ती मार्चमध्ये गेली. तिला एर्सिलियाशेजारी ठेवायची माझी इच्छा होती, पण त्या मोठ्या खड्ड्यात कोण कुठे आहे ते आता कुणालाच सांगता येत नाही. म्हणून दफनभूमीच्या त्याच बाजूला, भिंतीजवळ जागा घेतली. दगडावर तिचं नाव आहे, आणि खाली 'गेम्माने बसवला' एवढंच लिहिलं आहे.